प्रोफाईल लॉक केलं म्हणजे झालं का?

सावईची लेक:
परवा इथे एकाने सल्ला टाकला: "फेसबुक प्रोफाईल लॉक करा आणि निर्धास्त झोपा. फोटो टाकायची हौस असेल तर मग रडत येऊ नका." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितेय, सोसा.

ते लॉक 2020 साली आपल्याकडे आलं. अनोळखी माणसाला तुमच्या पोस्ट दिसत नाहीत, प्रोफाईलचा फोटो मोठा करून बघता येत नाही. छानच. पण हे सगळं तुमच्या पानापुरतं! माझं प्रोफाईल कधीचं लॉक आहे. चवथीला सासरच्या मूळ घरी गेलो. चुलतसासूबाईंनी सगळ्यांना गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभं केलं, फोटो काढले, पब्लिक टाकले, नावानिशी टॅग केलं आणि वर ओळ: "म्हापशाची मंडळी पाचही दिवस इथेच!!" म्हणजे म्हापशाचा फ्लॅट रिकामा, हे ज्याला कळायचं त्याला कळलं. खाली कुणीतरी विचारलं, "धाकटी शाळेत जाते ना गे आता?" बाईंनी तिथल्या तिथे शाळेचं नाव, इयत्ता, वर कोणत्या बसने जाते तेही सांगून टाकलं. आता मी काय लॉक करू? सासूबाईंना?

डिचोलीकर मास्तर:
तो सल्ला माझाच. ताई, भांडण तुमचं चुलतसासूशी आणि राग माझ्यावर. सेटिंगमध्ये टॅग केलेल्या पोस्टचा रिव्ह्यू असतो, तो सुरू करा. मी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, पालकांचे फोनही हातात येतात. 2014 पर्यंत नव्या खात्याची पोस्ट आपोआप पब्लिकच जायची. त्या काळातलं लोकांचं सगळं अजून उघड्यावर पडलंय, बारशापासून बाराव्यापर्यंत. जुन्या पोस्ट एकगठ्ठा मित्रांपुरत्या करायचं बटण आहे. ते कोणी दाबत नाही, आणि इथे येऊन निबंध लिहितात.

सावईची लेक:
मास्तर, त्या रिव्ह्यूने तो फोटो माझ्या पानावर येत नाही, त्यांच्या पानावर दिमाखात राहतो. टॅग काढला तरी तोंड माझंच दिसतं ना? आणि तो पब्लिक ठेवायचा की मित्रांपुरता, हे टाकणाऱ्याच्या हातात. निबंध नीट वाचला असता तर कळलं असतं.

घुमट-शामेळ:
ताईंचा मुद्दा बरोबर आहे. केंब्रिज अॅनालिटिकाचं प्रकरण आठवा, 2018. एका क्विझ अॅपमधून ते घेणाऱ्यांची आणि त्यांच्या फेसबुक मित्रांचीही माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. भारतात ते अॅप घेतलेले लोक 335. माहिती गेली असावी असे जवळपास 5 लाख 62 हजार. आकडे खुद्द फेसबुकने दिलेले. बाकीच्यांचा गुन्हा एवढाच की मित्र हौशी निघाला.

डिचोलीकर मास्तर:
मित्रांची माहिती अॅपला देण्याची ती वाट फेसबुकने केव्हाच बंद केली. जुनी मढी उकरू नका.

मळ्यातला:
तुम्ही सगळे फेसबुकातच अडकलात. माझं कुठेच खातं नाही, तरी माझं दार देशभर फिरतंय. पणजीत फोंतेन्हासच्या, म्हणजे जुन्या रंगीत पोर्तुगीज धाटणीच्या घरांच्या वस्तीच्या, बाजूला राहतो, पिवळी भिंत, निळी खिडकी. सकाळी आठापासून टोपीवाल्या पर्यटक बाया फोटोसाठी पायरीवर. परवा आई दारात तांदूळ निवडत बसली होती, गाऊनवर. एक मुलगा म्हणाला, "आंटी, जरा साइड." स्वतःच्या दारातून साइड! पुतण्याने रील दाखवली. पुढे बाई गरगर फिरतेय, मागे आई सूप घेऊन उठतेय, आणि हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. लॉकचं बटण कुठे आहे, सांगा मास्तर.

कांपालवाला:
रस्ता सार्वजनिक आहे. घर रंगवायचं आणि बघू नका म्हणायचं, हे कसं? पर्यटकांवर अर्धी पणजी जेवते. तुमच्याच गल्लीत होमस्टेच्या पाट्या मोजा.

मळ्यातला:
पाटी लावणाऱ्याच्या दारात उभे राहा ना मग. माझ्या दाराला पाटी नाही, आई आहे. पायरी रस्त्यावर नाही, माझ्या घराची आहे. आणि 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय, खाजगीपणा हा मूलभूत हक्क.

कांपालवाला:
मूलभूत हक्क मुख्यतः सरकारसमोर मागायचा असतो. तो निकाल घेऊन टोपीवालीच्या मागे धावणार का? 2023 चा डेटा संरक्षण कायदाही वाचा. कुणी स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर तो लागूच होत नाही. त्यामुळे ताईंच्या चुलतसासूबाईही सुटल्या.

सावईची लेक:
त्यांना कोर्टात कोण ओढतंय? मला फोटो मित्रांपुरता हवाय. तुम्हाला जिथे तिथे वकिली.

कुळागरातली:
व्हॉट्सअॅपचं कोणी काढतच नाही! जत्रेच्या ग्रुपमध्ये मला न विचारता घातलं. दीडदोनशे माणसं, निम्मी अनोळखी, नंबर सगळ्यांसमोर. त्याच रात्री एकाचा "हाय, जेवलीस?" ग्रुपमध्ये कोण घालू शकतं याचं सेटिंग 2019 पासून आहे, डीपी फक्त आपल्या संपर्कांना दाखवायचंही आहे. दोन्ही मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मास्तर, तुमच्या सल्ल्यात हे हवं होतं. आणि "हौस असेल तर रडू नका" हे वाक्य बायकांनाच का ऐकवता? त्या "जेवलीस?"वाल्याला ऐकवा.

डिचोलीकर मास्तर:
बायका म्हटलंच नव्हतं मी.

कुळागरातली:
म्हणायची गरज नव्हती. वाहवा करणाऱ्यांना बरोबर कळलं.

डिचोलीकर मास्तर:
बरं. ते वाक्य काढतो. सल्ल्यात व्हॉट्सअॅपही घालतो, आणि "घरातल्या मोठ्यांचे फोन घेऊन त्यांची सेटिंग बसवा" हेही. खूश? लॉक तरीही कराच. ताईंचं गाऱ्हाणं खरं म्हणून लॉक खोटं ठरत नाही.

सावईची लेक:
खोटं कोण म्हणालं? अपुरं म्हटलं. पण वाक्य काढलंत, देव बरें करूं.

घुमट-शामेळ:
मोठ्यांच्या फोनला हात लावून दाखवा आधी. आमच्या काकांनी पासवर्ड देव्हाऱ्यातल्या पंचांगात लिहून ठेवलाय, आणि सोवळ्यात असल्याशिवाय पंचांगाला शिवायचं नाही.

कांपालवाला:
मळ्यातल्या, आईला बाजूला हो म्हणणं वाईटच, ते मान्य. त्या रीलवर रिपोर्टचं बटण असतं, पुतण्याला दाबायला सांगा. रस्त्यावरून घराचा फोटो काढण्याबद्दल मात्र माझं मत तेच.

मळ्यातला:
बदलू नका मत. फक्त तुमच्या घराचा पत्ता द्या. रविवारच्या टोप्या तिकडे पाठवतो.

कांपालवाला:
पत्ता पब्लिकवर मागताय? मास्तर रागावतील.