स्पोर्ट्स कार आणि डीलरच्या वर्कशॉपचा वाईट अनुभव : मुंबईत आधी नीट निदान करणारं गॅरेज सुचवा

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. चार महिने डोक्याला ताप झालाय, शेवटी धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे २०१६ सालची दोन सीटांची स्पोर्ट्स कार आहे. २०२१ मध्ये सेकंड हँड घेतली. इंजिन सीटांच्या मागे. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुंबईत या कंपनीचं काम करणारी अधिकृत वर्कशॉप्स इतकी कमी आहेत की रोख कुणाकडे ते लगेच कळेल, आणि प्रकरण अजून मिटलेलं नाही. गाडी ४१ हजार किलोमीटर चाललीय. रोज काढत नाही. रविवारी पहाटे साडेपाचला मुलुंडहून निघायचं, ईस्टर्न फ्रीवेने मरीन ड्राइव्ह गाठायचा, तिथून कोस्टल रोडने वरळी, पुढे सी-लिंक, वांद्र्याला चहा आणि रस्ते भरायच्या आत घरी. आठवड्यातला तो दीड तास माझा असतो.

मार्चमध्ये कूलंट कमी असल्याचा दिवा लागला. अर्धा लिटर भरलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पार्किंगमध्ये जमिनीवर एक थेंब नाही. फक्त गाडी उभी केल्यावर मागच्या बाजूला गोडसर वास यायचा. मी हे वासाचं सर्व्हिस अॅडव्हायझरला सांगितलं, दोनदा सांगितलं. जॉब कार्डवर (गाडी घेताना वर्कशॉप तक्रारी लिहितं तो कागद) त्यातलं काहीच आलं नाही, फक्त 'कूलंट लो' एवढंच.

पहिल्या खेपेला निदान झालं की रेडिएटर लीक आहे. या गाडीत रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात. दोन्ही बदलले. बिल १ लाख ९२ हजार. जुने दाखवा म्हटलं तर स्क्रॅपमध्ये गेले म्हणाले. दहा दिवसांत दिवा परत. दुसऱ्या खेपेला थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप, ८४ हजार. गाडी ताब्यात घेतली त्याच संध्याकाळी सायन सर्कलच्या आधी तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला. बायको शेजारी होती. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि टो ट्रकची दीड तास वाट पाहिली.

आता तिसऱ्या खेपेला म्हणतायत, हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधला गॅस-पाणी रोखणारा पत्रा) गेलं असणार, इंजिन उतरवून उघडावं लागेल, एस्टिमेट ७ लाख ४० हजार, आणि उघडल्यावर आणखी काही निघालं तर ते वेगळं. कोणत्या टेस्टवरून ठरवलं विचारलं, तर उत्तर 'अनुभवावरून'.

यात आणखी दोन गोष्टी. लिफ्टवर घेताना चुकीच्या जागी टेकू दिल्यामुळे डाव्या दाराखालचा सिल दबलाय. आणि गाडी त्यांच्या ताब्यात असताना सी-लिंकवर ओव्हरस्पीडचं ई-चलान माझ्या नावावर आलंय. ते चलान वाचताना हात थरथरत होते. मी ज्या गाडीला स्वतः कापडाने पुसतो, ती कुणीतरी परस्पर पळवली.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. असं बाहेरचं गॅरेज, जिथे आधी निदान होतं आणि मग पार्टला हात लागतो. गेलेले पैसे मिळण्याचा काही मार्ग. आणि तिसरं सगळ्यात तातडीचं : काम करायचं नाही म्हटल्यावर ते तपासणीचे २८ हजार मागतायत, त्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणतात. काय करू?

---

तेलकट_हात

मुलुंडकर, आधी इंजिन उघडू देऊ नका. बाकी सगळं नंतर बघू.

थेंब न दिसता कूलंट कमी होतं तेव्हा ते एकतर सिलिंडरमध्ये जाऊन जळतं, नाहीतर बाहेर गरम भागावर पडून त्याची वाफ होते. तिसरं म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या प्लास्टिकच्या पॅनेलवर साचतं, म्हणून जमीन कोरडी राहते. गोडसर वास हा कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. तो उभ्या गाडीच्या मागून येतोय म्हणजे बाहेरची गळती, आणि तीही मागे. पुढचे रेडिएटर बदलायचं कारण मला तरी दिसत नाही.

दोन टेस्ट पुरेशा आहेत. पहिली प्रेशर टेस्ट. इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीचं टोपण काढून तिथे हातपंप लावायचा, टोपणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि वीस मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला की टॉर्च घेऊन ओल शोधायची. खालचं पॅनेल काढूनच. या जातीच्या गाड्यांमध्ये टाकी मागे इंजिनच्या शेजारी असते आणि दहा वर्षं उष्णता खाऊन तिच्या जोडावर केसासारखी चीर जाते. गार असताना ती मिटते, गरम झाली की उघडते. टोपणही तपासून घ्या. त्याने दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळतं.

दुसरी टेस्ट हेड गॅस्केटची. टाकीच्या तोंडावर नळी लावून आतली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला जळलेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम. हे न करता ७ लाखांचं एस्टिमेट देणं मला पटतच नाही.

आणि सायनला गाडी का तापली? माझा अंदाज, आत हवा राहिली. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये गाडीभर लांब पाइप. अशा सिस्टममध्ये वरून नुसतं ओतून चालत नाही. आधी आतली हवा ओढून व्हॅक्यूम करायचा आणि त्या व्हॅक्यूमनेच कूलंट आत घ्यायचं. नाहीतर हवेचा बुडबुडा अडकतो आणि काटा अचानक चढतो. तुम्ही लगेच इंजिन बंद केलंत हे फार चांगलं केलंत.

---

नीरजा_पार्ले

वाचून माझे मागच्या वर्षीचे दिवस आठवले. माझी गाडी वेगळ्या कंपनीची, ड्युअल क्लच गिअरबॉक्स. ट्रॅफिकमध्ये पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना धक्का बसायचा. अधिकृत वर्कशॉपने थेट अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला. आकडा ऐकून मी तिथेच खुर्चीत बसले.

नंतर महालक्ष्मीच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्या काकांनी पहिल्या दिवशी एकही नट उघडला नाही. संध्याकाळी सातला बीकेसीत माझ्या शेजारी बसून आले, लॅपटॉप गाडीला जोडलेला, धक्का बसला की त्या क्षणाचं क्लचचं तापमान आणि प्रेशर नोंदवायचे. दोन संध्याकाळी असं केलं. मग गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलला, क्लचचं अॅडाप्टेशन (क्लचची जुळणी) पुन्हा करून घेतलं. वर्ष झालं, धक्का नाही.

काका चोख आहेत, पण हळू आहेत. गाडी आठवडाभर ठेवायची तयारी हवी, आणि दिवसातून चार फोन केलेले त्यांना चालत नाहीत. तुमच्या कंपनीच्या गाड्या त्यांच्याकडे उभ्या असलेल्या मी पाहिल्यात. नाव-नंबर व्यनि (खासगी निरोप) करते.

---

काळाचौकी

चलानचं आधी बघा. तारीख आणि वेळ जॉब कार्डशी जुळवा. महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान सेवेवर त्या चलानविरुद्ध तक्रार नोंदवता येते, जॉब कार्डची प्रत जोडा. रागाच्या भरात भरून टाकू नका. तो तुमचा सगळ्यात पक्का पुरावा आहे.

---

वकिली_पेशा

मुलुंडकर, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेक जण चुकतात.

दुरुस्तीला दिलेली वस्तू मजुरीचे पैसे मिळेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. त्यामुळे गेटवर भांडून उपयोग नाही. २८ हजार भरा, पण त्याआधी ईमेल करा : ही रक्कम मला मान्य नाही, केवळ गाडी सोडवण्यासाठी निषेध नोंदवून भरत आहे, माझे सर्व हक्क राखून. पावती घ्या. कोणती तपासणी केली ते लेखी मागा. दिलं तर उत्तम, नाही दिलं तरी ते मागितल्याचं तुमच्याकडे राहील. 'काम समाधानकारक' असं छापलेल्या कागदावर सही करू नका. करावीच लागली तर सहीवर हाताने हरकत लिहा.

त्याच कायद्याचं कलम १५१ तुमच्या बाजूचं आहे. ताब्यात घेतलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी घ्यायलाच हवी. दबलेला सिल आणि ते चलान दोन्ही यात बसतं. जॉब कार्डामागे बारीक अक्षरात 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असतं, त्याने घाबरून जाऊ नका. एकतर्फी अटी अन्याय्य ठरवण्याची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे.

पैशांचं. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते. तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, म्हणजे मुंबई उपनगर, वांद्रे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कधीकधी कंपनी तिथेच बोलणी करते. मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शनही घेण्यासारखं आहे. १९७५ पासून हे काम करतायत.

एक प्रश्न. गाडी तुमच्या नावावर आहे की फर्मच्या? फर्मच्या नावावर असेल तर समोरचा व्यावसायिक वापराचा, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असा, मुद्दा काढेल.

आणि बाहेरच्या गॅरेजने दोष शोधला तर तो दुरुस्त करण्याआधी फोटो, व्हिडिओ आणि लेटरहेडवर अहवाल घ्या. दुरुस्त झाल्यावर पुरावा उरत नाही.

---

घोडबंदर_रोड

सगळ्यांनी डीलरला झोडपलंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी पैसे वाचवायला बाहेरच्या गॅरेजमध्ये गेलो होतो. ब्रेक पॅड कंपनीचे म्हणून लावले, खोक्यासकट नकली निघाले. लोणावळ्याहून घाट उतरताना पेडल खोल गेलं. ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. तेव्हापासून अधिकृत वर्कशॉप सोडलं नाही, आणि तिथला वर्कशॉप मॅनेजर मला स्वतः आत नेऊन गाडी दाखवतो. सगळीकडे सारखं नसतं.

वॉरंटीतली गाडी असेल तर अटी वाचल्याशिवाय बाहेर जाऊ नये. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, कारण सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली. प्रत्यक्षात काउंटरवरचा माणूस तुमच्याशी या आदेशावर चर्चा करत बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

---

तेलकट_हात

घोडबंदर_रोड यांच्याशी सहमत. पार्ट स्वतः मागवा, बिलासकट. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात. आरसा, दिव्याची काच, आतलं ट्रिम तिथून घ्यायला माझी हरकत नाही. पण ब्रेक, सस्पेन्शन आणि कूलिंगचं काहीही जुनं लावू नका. दहा वर्षं तापलेल्या टाकीच्या जागी दुसरी दहा वर्षं तापलेली टाकी लावून काय मिळणार?

---

मुलुंडकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

गाडी माझ्याच नावावर आहे. वकिली_पेशा यांनी सांगितला तसा ईमेल केला, २८ हजार भरले, गाडी फ्लॅटबेडवर घालून महालक्ष्मीला नेली. निघायच्या आधी गेटवरच चारी बाजूंचा आणि किलोमीटरचा व्हिडिओ घेतला. दुरुस्तीला देतानाचे किलोमीटर जॉब कार्डवर होते, फरक ३४ निघाला.

काकांनी माझ्यासमोर टेस्ट केल्या. निळा द्रव निळाच राहिला. हेड गॅस्केट ठीक. मग प्रेशर. सुरुवातीची दहा मिनिटं काटा हलला नाही आणि माझा धीर सुटत चालला. काका म्हणाले, थांबा. इंजिन गरम केलं, गार होऊ दिलं, पुन्हा पंप लावला. आता काटा उतरायला लागला. खालचं पॅनेल काढलं तर त्यात कपभर गुलाबी कूलंट साचलेलं. टाकीच्या मागच्या जोडावर बोटभर चीर, तेलकट_हात यांनी लिहिलं होतं तिथेच. मी जमिनीवर आडवा होऊन ती चीर बघितली. २ लाख ७६ हजार देऊन जी गोष्ट कुणी बघितली नव्हती, ती टॉर्चच्या उजेडात दिसत होती.

आधी फोटो, व्हिडिओ, लेटरहेडवर अहवाल. मग नवी टाकी आणि नवं टोपण. व्हॅक्यूमने कूलंट भरलं. सगळं मिळून ३६ हजार. जुनी टाकी पिशवीत घालून घरी आणलीय. दोन रविवार चालवली, सायनच्या ट्रॅफिकमध्येही मुद्दाम नेली. काटा मध्यावर, वास नाही.

१९१५ वर नोंद केल्यावर वर्कशॉपचा फोन आला. पुढच्या सर्व्हिसमध्ये सूट देऊ म्हणाले. नको म्हटलं. मला सूट नकोय, गरज नसताना बदललेल्या पार्टचे पैसे परत हवेत आणि गाडी कुणी चालवली त्याचं लेखी उत्तर हवंय. ई-जागृतीवर तक्रारीचा मसुदा भरतोय. चलानची तक्रारही टाकलीय.

नीरजाताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काकांनी तुमची आठवण काढली.

आता सिल राहिलाय. काका म्हणतात हे त्यांचं काम नाही, अॅल्युमिनियम आहे, लोखंडाचं काम करणाऱ्या डेंटरला हात लावू देऊ नका. ठाणे ते नवी मुंबई या पट्ट्यात अॅल्युमिनियमचं काम नीट करणारं कुणी माहीत आहे का?

---

काळाचौकी

रबाळे एमआयडीसीत एक जण आहे. माझ्या भाच्याच्या गाडीचं बॉनेट त्याने केलंय, दिवसाउजेडात बघूनही जागा सापडत नाही. अॅल्युमिनियमची हत्यारं वेगळ्या खोलीत ठेवतो, लोखंडाचा कीस लागू नये म्हणून. मात्र सिल कापायचा सल्ला दिला तर तिथेच होकार देऊ नका, आधी इथे फोटो टाका. नंबर व्यनि केलाय.