नव्या धडात गेलेला बीटी तोच का?

फिटर_भुसावळ:
टायटनफॉल २ (२०१६) हा व्हिडिओ गेम ज्यांना अजून खेळायचाय त्यांनी पुढे वाचू नका, गोष्ट फुटेल.

परवा रात्री दीडला संपवला. कूपर हा साधा रायफलवाला. त्याचा कॅप्टन लास्टिमोसा मरताना बीटी-७२७४ हा आपला बोलणारा, स्वतः विचार करणारा लढाऊ रोबो त्याच्या हवाली करतो. तिथून ते अवाढव्य यंत्र त्याला जिवापाड जपतं. पुढे बीटीचं धड मोडतं, कूपर त्याचा डेटा कोर, म्हणजे मेंदूच, घेऊन पळतो आणि त्याच व्हॅनगार्ड जातीच्या नव्या धडात बसवतो. बीटी पुन्हा उभा राहतो. मला रडू आलं. पण अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, हा तोच आहे का?

हे सुचायचं कारण माझं काम. मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पीएलसी (मशीन चालवणारे छोटे कॉम्प्युटर) बघतो, भुसावळहून अप-डाउन. उन्हाळ्यात एक जुनी एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून धागा काढणारी मशीन) काढून टाकली आणि तिचा प्रोग्राम नव्या मशीनमध्ये जसाच्या तसा टाकला. एक ओळ बदलली नाही. तरी नवी वेगळीच वागायला लागली. हीटर भराभर तापायचे, तापमान सेट केलेल्या आकड्याच्या वर जायचं, धागा तुटायचा. पीआयडीचे, म्हणजे तापमान ताब्यात ठेवणाऱ्या हिशोबाचे, आकडे नव्याने बसवण्यात दोन दिवस गेले. जुनीला तेच आकडे कित्येक वर्षं चालले होते. मग बीटीला नवं धड पहिल्याच पावलाला कसं काय मानवलं?

चोपडा_पोरगा:
भो, तू म्हणतोस ते पोर्टल २ (२०११) या गेममध्ये उघड दाखवलंय. व्हीटली हा घाबरट, बडबड्या, पण मदत करणारा गोल रोबो. त्याला ग्लाडोसच्या, म्हणजे माणसांवर चाचण्या घेणारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या एआयच्या, धडात बसवतात आणि थोड्याच वेळात तो उलटतो. कारण चाचण्या घ्यायची खाज त्या धडातच भरलेली आहे. चाचणी झाली की सुख, आणि प्रत्येक वेळी ते सुख कमी होत जातं. म्हणजे आत कोण आहे याच्याशी धडाला देणंघेणं नाही, ते आपलं काम करून घेतं. तिकडे ग्लाडोस बटाट्यात अडकते, बटाट्याच्या तुटपुंज्या विजेवर चालते आणि माणसाशी नीट बोलायला लागते. बीटीला नवं धड त्याच जातीचं मिळालं म्हणून जमलं. दुसऱ्या कसल्या यंत्रात टाकला असता तर तो बीटी राहिला नसता, असं माझं ठाम मत.

केळीवाला_रावेर:
मले वाटते तुम्ही दोघं धडाकडेच पाहून राहिले. खरा प्रश्न मागे कोण उरतं हा आहे. सोमा (२०१५) हा गेम खेळा. त्यातल्या सायमनला खोल पाण्याचा दाब सोसणाऱ्या सूटमध्ये जायचं असतं. तो जातो, आणि वळून बघतो तर जुना सायमन खुर्चीतच बसलेला. कारण ती प्रत होती. त्याची बॅटरी उतरवून त्याला संपवायचं की त्याला तसंच सोडायचं, हे आपल्याला ठरवावं लागतं. मी बराच वेळ बटण दाबू शकलो नाही.

आमच्याकडे केळीची पीलबाग धरतो, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलावर पुढचं पीक घेतो, तेव्हा हेच असतं. पील आईच्याच कंदातून येतं, जात तीच, मुळं शेजारीशेजारी. घड उतरला की आईचं खोड आपणच कापतो. सोमा खेळल्यानंतरच्या हंगामात विळा घेऊन त्या खोडापाशी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच आईझाडाकडे नीट पाहिलं.

बीटीचं तसं नाही. त्याचा कोर उचलून नेला, मागे दुसरा बीटी उरला नाही. म्हणून तो तोच.

फिटर_भुसावळ:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बीटीला उचलून नेलं, मी मात्र प्रत काढली. म्हणजे आमच्याकडे सायमनसारखंच झालंय. जुनीचं लोखंड भंगारात गेलं, पण तिचा पीएलसी स्टोअरमध्ये खोक्यात पडलाय. आतली बॅटरी संपली नसेल तर प्रोग्राम त्यात अजून शाबूत असेल, तिच्या हीटरसाठी बसवलेल्या त्या जुन्या आकड्यांसकट. उद्या पहिल्या पाळीला लवकर जाऊन खोकं उघडतो. बॅटरी उतरत आली असेल तर बदलून ठेवीन.