मदत हवी आहे: सेव्ह दाबलं तरी काहीच होत नाही

नवशिका: खर्चाच्या नोंदींचं छोटं अ‍ॅप करतोय. व्हॅलिडेशन (भरलेली माहिती बरोबर आहे का ही तपासणी) टाकल्यापासून सेव्ह बटण मेलंय. एररही दिसत नाही. शिवाय अ‍ॅप बंद करून उघडलं की सगळ्या नोंदी गायब. लवकर सांगा, डोकं फिरलंय.

बगवाला: कशात लिहिलंय? कोड कुठाय? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

नवशिका: फ्लटर, गूगलचं अ‍ॅप बनवायचं टूलकिट, अजून कशात!

जुनाजाणता: आधी कोटलिन भाषा शिका हो. पाया पक्का होतो.

बगवाला: ते विचारलंय का कुणी? नवशिका, व्हॅलिडेटर (तपासणारं फंक्शन) काय रिटर्न करतो?

नवशिका: रक्कम रिकामी असेल तर 'रक्कम टाका', नाहीतर रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर.

बगवाला: तिथेच अडलंय. सगळं ठीक असेल तर नल, म्हणजे 'काहीच नाही', द्यायचं. रिकामी स्ट्रिंग ही फ्लटरच्या लेखी एररच, फक्त मजकूर नसतो म्हणून दिसत नाही. फील्ड लाल होत असेल बघा.

नवशिका: होतंय लाल, मला वाटलं थीमच तशी आहे. चाललं! आता नोंदींचं?

डेटाप्रेमी: ठेवता कुठे त्या?

नवशिका: लिस्टमध्ये.

डेटाप्रेमी: लिस्ट मेमरीत असते, अ‍ॅप बंद झालं की गेली. जेसन (साध्या मजकुराचं रूप) करून शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये, फोनवरच्या छोट्या साठ्यात, टाका, झालं काम.

बगवाला: ते थीम-भाषा असल्या सेटिंगांसाठी असतं. दर नोंदीला अख्खी यादी पुन्हा लिहिणार? एसक्यूफ्लाइट घ्या, फोनमध्येच डेटाबेस ठेवणारं पॅकेज. तारीख थेट जात नाही, मिलीसेकंदांचा पूर्णांक करून ठेवा. रक्कमही डबलमध्ये (दशांश आकड्यांच्या प्रकारात) नको, ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

डेटाप्रेमी: नवख्याला पहिल्याच अ‍ॅपमध्ये एसक्यूएल, डेटाबेसची भाषा? पळून जाईल तो.

बगवाला: एक टेबल, चार कॉलम. पळण्यासारखं काय आहे त्यात?

कळफलक: मराठी कीबोर्डवरून कुणी '५०' टाकलं तर डार्टचं (फ्लटरची भाषा) इंट ट्रायपार्स, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन, नल देतं. देवनागरी अंक आधी बदलून घ्या. आणि ट्रिम करा (कडेच्या स्पेस काढा), नाहीतर नुसती स्पेसही व्हॅलिडेशनमधून पास होते.

जुनाजाणता: प्ले स्टोअरला आयकॉन ५१२ बाय ५१२ लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

नवशिका: स्टोअरवर टाकायचंच नाहीये हो! एसक्यूफ्लाइट लावलं, नोंदी राहतायत. पण टेबलमध्ये 'प्रकार' कॉलम वाढवला तर 'नो सच कॉलम' येतंय. ऑनक्रिएटमध्ये लिहिलाय की.

बगवाला: ऑनक्रिएट डेटाबेस पहिल्यांदा बनतो तेव्हाच चालतं. डेटाबेसचं व्हर्जन वाढवा आणि ऑनअपग्रेडमध्ये (व्हर्जन वाढलं की चालतं ते) ऑल्टर टेबल, म्हणजे टेबल बदलायची आज्ञा, लिहा. नोंदी नुसत्या चाचणीच्या असतील तर अ‍ॅप अनइन्स्टॉल करून परत टाका.

डेटाप्रेमी: प्रेफरन्सेसमध्ये हे झंझटच नव्हतं.