शांत दिसतंय म्हणून डोळे मिटायचे?

रात्रपाळीवाला: "स्वतःला सांभाळणाऱ्या सिस्टीममध्ये किती बारीक बघायचं ते तिलाच ठरवू द्या. शांत असेल तर कमी, गडबड दिसली की जास्त. माणसाने आकडे बांधून देणं हा जुनाट हट्ट," असं काल इथे एकाने लिहिलंय. वाचून डोकं फिरलं. आमच्याकडे नेमकं हेच केलं होतं. मेमरी हळूहळू गळत होती, पण सीपीयू थंड, म्हणून मॉनिटरने (देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमने) दर 10 सेकंदांची नोंद दर 5 मिनिटांवर नेली. पहाटे नोड (एक सर्व्हर) पडला. शेवटच्या पाव तासाच्या नोंदी किती? तीन. मग मॉनिटरला जाग आली, उरलेल्या सगळ्या नोड्सवर डीबग लॉग (अगदी बारीकसारीक नोंदी) सुरू, आणि आधीच तुंबलेलं नेटवर्क पार आडवं. याला वरातीमागून घोडं म्हणतात.

लूपधारी: 'एकाने' म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं? नुसता सीपीयू बघून 'शांत' ठरवणारं धोरण तुम्हीच लिहिलंत ना? गूगलचा 2010 चा डॅपर पेपर वाचा. 1024 ट्रेसांतला (ट्रेस म्हणजे एका विनंतीच्या प्रवासाची नोंद) एक ठेवूनही त्यांचं भागलं.

रात्रपाळीवाला: वाचलाय. पुढचं पानही वाचा. वर्दळ कमी असेल तिथे सॅम्पलिंगचं (किती ट्रेस ठेवायचे त्याचं) प्रमाण *वाढवायचं*, असं आहे त्यात. तुमच्या बरोब्बर उलट.

काटाकिर्र: किती वेळा बघायचं यावर भांडताय, पण आधी काय घडलं नि नंतर काय, हे तरी कळतं का? आमच्या एका सर्व्हरचं घड्याळ 400 मिलिसेकंद पुढे होतं. लॉगमध्ये उत्तर आधी, विनंती नंतर! दोन दिवस भलत्याच सर्व्हिसच्या मागे लागलो.

लूपधारी: इथे काय संबंध? एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) लावा नि झोपा.

काटाकिर्र: लावलेलंच होतं हो! फायरवॉलने पोर्ट अडवला होता आणि त्यावर अलर्ट लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं. क्रम लावायला सर्व्हरचं घड्याळ नको, निरोप कुठून निघाला नि कुठे पोचला ते बघा, हे संगणकशास्त्रज्ञ लॅम्पोर्टने 1978 मध्येच सांगितलंय. तुमच्या हुशार मॉनिटरला कारण आणि परिणाम उलटे दिसले, तर तो धडधाकट नोड रीस्टार्ट करेल. आमच्याकडे केला!

रात्रपाळीवाला: काटाकिर्र, वेगळा धागा काढा. (पण रीस्टार्टचं पटलं.)

लूपधारी: बरं बाबांनो. 30 सेकंदांपेक्षा विरळ जायचं नाही, एवढी वेसण घाला. 'जुनाट' मात्र मागे घेणार नाही.

रात्रपाळीवाला: म्हणजे आकडा शेवटी माणसानेच दिला. आता एनटीपी लावा नि झोपा.