चौथ्या पानावर अडकणं म्हणजे मागे पडणं नव्हे

एकाने विचारलंय की गणितातल्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी एकच पेपर तीन महिने वाचूनही गाडी चौथ्या पानापुढे सरकत नाही, हे ठीक आहे का. अगदी ठीक आहे. फक्त पहिल्या ओळीपासून सरळ वाचत जाऊ नका. आधी मुख्य प्रमेयाचं विधान घ्या, त्यातली एकेक अट काढून टाका आणि प्रतिउदाहरण, म्हणजे त्या अटीविना प्रमेय खोटं ठरतं असं उदाहरण, शोधा. अट कशासाठी घातलीय ते तेव्हाच कळतं.

बहुतेक जण अडकतात ते ‘हे स्पष्टच आहे’ या शब्दांपाशी. विश्लेषणात (अ‍ॅनालिसिस) तिथे बरेचदा सीमा (लिमिट) आणि संकलन (इंटिग्रल) यांच्या क्रमाची अदलाबदल गुपचूप झालेली असते. तपासायला एक फलन (फंक्शन) हाताशी ठेवा: ० ते १/एन या अंतरालात, टोकं सोडून, किंमत एन, बाकी सगळीकडे ०. एन कितीही वाढवा, संकलन १ च राहतं. पण प्रत्येक बिंदूवर सीमा ०, म्हणून सीमेचं संकलनही ०. म्हणजे अदलाबदल करायची तर काहीतरी जादा अट हवी; बरेचदा ती म्हणजे सगळ्या फलनांना वरून झाकणारं, स्वतः संकलनक्षम (ज्याचं संकलन सांत आहे) असं एक फलन. लेखकाने ते कुठे दिलंय, हे शोधा.

सापडलं नाही, तर आधी अर्काइव्हवरची (arXiv, शोधनिबंधांचं ऑनलाइन भांडार) शेवटची आवृत्ती बघा. पहिल्या आवृत्तीतली चूक कधी कधी पुढे दुरुस्त झालेली असते, आणि जुनीच वाचत बसलं तर आठवडे वाया जातात. चुका मोठ्यांच्याही होतात. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांच्या फर्माच्या शेवटच्या प्रमेयाच्या 1993 च्या सिद्धतेतली फट 1994 मध्ये बुजली.

आणि गाइडकडे जाताना ‘समजत नाही’ एवढंच घेऊन जाऊ नका. नेमकी ओळ आणि फसलेले दोन प्रयत्न एका पानावर लिहून न्या.