२० चं वर्तुळ १९.४ येतंय. मोटर बदलू का?

पाटीवाला

नमस्कार मंडळी. आयुष्यभर ब्रशने पाट्या रंगवल्या. आता हात थोडा थरथरतो, म्हणून गेले सात महिने सुट्टीच्या दिवशी घरीच सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं यंत्र) बांधतोय. लाकडात अक्षरं कोरायची, एवढाच हेतू. धंदा नाही, हौस. यंत्र उभं राहिलं, चालतंही, पण डोकं फिरवतंय.

यंत्राची कुंडली आधी देतो. सांगाडा १८ मिमी प्लायचा, कामाची जागा ६०० बाय ४००. वायला (पुढे-मागे) १६ मिमीचे गज, पूर्ण लांबीला खालून आधार असलेले. एक्सला (डावी-उजवी) १२ मिमीचे दोन मोकळे गज, ५५० लांब, फक्त टोकांना धरलेले. सगळीकडे टी८ स्क्रू, एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा. नेमा १७ मापाच्या, टप्प्याटप्प्याने (स्टेपने) फिरणाऱ्या मोटरी चार (वायला दोन), त्यांना करंट देणारे ए४९८८ ड्रायव्हर, १२ व्होल्ट, अर्डुइनो ऊनो बोर्डावर जीआरबीएल हे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर. स्पिंडल म्हणून, म्हणजे बिट फिरवायला, हातात धरायचा ट्रिम राउटर, त्यात ६ मिमीची दोन धारांची बिट (कापणारं पातं).

आता दुखणं. ‘ळ’ काढला की त्याच्या दोन्ही गाठी डाव्या-उजव्या कडेला चपट्या येतात. लोक म्हणतात, कळत नाही. मला कळतं हो, चाळीस वर्षं गाठीच वळवल्यात. बिट काढून जागेवर पेन बांधलं आणि कागदावर २० मिमीचं वर्तुळ काढलं. व्हर्नियरने मोजलं तर वायमध्ये १९.९, एक्समध्ये १९.४.

एका ओळखीच्यांनी सांगितलं, स्टेप्स चुकल्यात, $१०० (एक्स एक मिमी सरकायला किती स्टेप, तो जीआरबीएलमधला आकडा) वाढवा. ४०० चे ४१२ केले. वर्तुळ अगदी २० आलं. खूश होऊन ३०० मिमीची शिरोरेषा काढली, तर ती ३०९ भरली! परत ४०० वर आणलं. आता तेच गृहस्थ म्हणतात की मोटर कमी पडतेय, नेमा २३ घ्या. घेऊ का?

आणखी दोन तक्रारी आहेत. लाकूड कडेला काळं पडतं, जळका वास येतो. आणि उठावाची अक्षरं कापली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेला उभी चीर पडते.

दोनचार_आटे

घ्या बिनधास्त. मी १७ काढून २३ लावल्या आणि माझी वर्तुळं सुधारली. १७ ची मोटर थ्रीडी प्रिंटरला ठीक, लाकडाला नाही.

खरादी

पाटीवाले, खिशात हात घालू नका अजून. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, तुम्ही ते मोजून ठेवलंय आणि ओळखलं नाही.

वर्तुळ पेनाने काढलंत ना? पेनाला कागदावर सरकायला ताकद किती लागते? लहान पोर फुंकर मारून सरकवेल. पेनाच्या रेघेत ०.६ ची चूक येत असेल तर ती मोटरच्या ताकदीची नाही. २३ काय, बैल जुंपला तरी १९.४ च येणार.

आता ४१२ ची भानगड. स्टेप्स चुकलेल्या असत्या तर चूक लांबीच्या प्रमाणात वाढली असती. २० ला ०.६, तर ३०० ला ९. तुम्ही ४१२ केल्यावर ३०० चे ३०९ झाले, म्हणजे मुळात ३०० बरोबरच येत होते! ४०० हाच आकडा खरा: मोटरच्या एका फेऱ्याचे २०० स्टेप, गुणिले प्रत्येकाचे १६ तुकडे (मायक्रोस्टेप), भागिले स्क्रूचे ८ मिमी. स्क्रूचे आटे कारखान्यात पडलेत, ते आपल्या फूटपट्टीला विचारून बदलत नाहीत. हा आकडा मोजून ‘जुळवायचा’ सल्ला मिळाला की समजायचं, सांगणाऱ्याला ढिलाई झाकायची आहे.

तुमच्याकडे ढिलाई आहे, म्हणजे बॅकलॅश. एक्स उजवीकडे जातोय, मग उलटा फिरतो. मोटर फिरायला लागते पण पहिले ०.६ मिमी गाडी जागची हलतच नाही. तेवढ्यात वाय पुढे सरकलेला असतो. म्हणून वर्तुळाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला उभी सपाट रेघ येते. तुमच्या ‘ळ’ च्या गाठी तिथेच चपट्या होतायत. खात्री करायची तर १०० चं वर्तुळ काढा. ९९.४ आलं तर ढिलाई पक्की. ९७ आलं तर मी चुकलो. आणि वर्तुळ तिरकं, ४५ अंशात लांबट दिसलं, तर एक्स-वाय गुण्यात (काटकोनात) नाहीत, ते वेगळं दुखणं.

ढिलाई कुठे आहे ते शोधायला आता बोटं वापरा. राउटरचा प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. कंट्रोलर चालू करून $१=२५५ द्या, म्हणजे मोटरी अडकून बसतील. एका हाताने एक्सची गाडी डावी-उजवी ढकला आणि दुसऱ्या हाताचं नख एकेका सांध्यावर ठेवत जा: अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. नट आणि गाडी, स्क्रू आणि नट, स्क्रू आणि बेअरिंग, कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) आणि मोटरचा दांडा. जिथे ढिलं असेल तिथे नखाला टिकटिक लागते. डोळ्याला न दिसणारं नखाला कळतं. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) असेल तर उत्तमच, पण जागा नखच दाखवतं.

दोनचार_आटे, एक विचारू? मोटर बदलताना कपलिंग जुनंच ठेवलं होतंत का?

दोनचार_आटे

नाही, दांडा जाड म्हणून कपलिंग नवं घ्यावं लागलं. आणि मोटरची पट्टीही नवी केली. ...बरं, कळलं काय म्हणायचंय ते. ढिलाई जुन्या कपलिंगबरोबर गेली असेल, मोटरमुळे नाही.

धन_ऋण

मोटरींचं राहू द्या, पण ड्रायव्हरबद्दल दोन शब्द. नेमा २३ सहसा फेजला २.८ अँपिअरच्या आसपास मागते. ए४९८८ नीट थंड ठेवला तरी २ च्या वर जात नाही. म्हणजे मोटर बदलली की ड्रायव्हर बदला, मग पुरवठा बदला, मग वायर. एका मोटरच्या नावाखाली अर्धं यंत्र नवं होतं.

आहे त्याच मोटरी १२ ऐवजी २४ व्होल्टवर चालवा. कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, व्होल्ट जास्त असेल तर तो लवकर चढतो, त्यामुळे वेगात टॉर्क कमी पडत नाही. ए४९८८ ला ३५ व्होल्टपर्यंत चालतं. तुमच्या शील्डवर (ड्रायव्हर बसतात त्या बोर्डावर) आणि फॅनवर काय लिहिलंय ते मात्र आधी बघा. करंटची मर्यादा तीच ठेवायची, ड्रायव्हरवरची ती ठरवणारी फिरकी उगाच पिळायची नाही. आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जागच्या जागी जातो.

पाटीवाला

धन_ऋण, तो धडा दुसऱ्याच आठवड्यात शिकलो. वायर उपटली, टक् आवाज आला, ड्रायव्हर गेला.

खरादी काका, (काका म्हटलं तर चालेल ना, वयाने मी कदाचित मोठा असेन) १०० चं वर्तुळ काढलं. एक्स ९९.४, वाय ९९.९. तुमचंच खरं.

मग नखाचा प्रयोग. नट घट्ट होता, स्प्रिंगवाला दुहेरी नट आहे. गाडी घट्ट. कपलिंगचे स्क्रू घट्ट. माझा संशय नटावरच होता, म्हणून तिथे तासभर घालवला. शेवटी स्क्रूच्या टोकाला ६०८ बेअरिंग आहे तिथे नख ठेवलं. टिक. गाडी ढकलली की अख्खा स्क्रूच बेअरिंगमधून आत-बाहेर सरकत होता! म्हणजे त्याला आडवं धरणारं काहीच नव्हतं. मी समजत होतो बेअरिंगमध्ये घातला की धरला.

खरादी

काका म्हणा, मामा म्हणा, काम झालं म्हणजे झालं.

बरोबर पकडलंत. बेअरिंग स्क्रूला फिरू देतं, पण सरकू नये यासाठी दोन्ही बाजूंनी अडवावं लागतं. तुमच्याकडे तो सगळा भार कपलिंगवर जात होता. ते नागमोडी कापलेलं ॲल्युमिनियमचं कपलिंग असणार, ती स्प्रिंगच असते. शिवाय मोटरच्या दांड्यालाही आत थोडी खेळती जागा असते. दोन्ही मिळून तुमचे ०.६.

बेअरिंगच्या दोन्ही अंगांना लॉकिंग कॉलर (दांड्यावर आवळायचं कडं) लावा, हाताने दाबून मगच तिचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) आवळा. बेअरिंगही प्लायमधल्या घरात सरकणार नाही हे बघा, बाहेरून पट्टी मारा. पुढेमागे थ्रस्ट बेअरिंग (दांड्याच्या लांबीच्या दिशेचा भार घेणारं) घाला, पण आज कॉलर पुरे.

जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय नाही, आणि असती तरी मी वापरा म्हटलं नसतं. बिट लाकडात शिरली की ती गाडीला स्वतःकडे ओढते, तेव्हा ढिली गाडी कुठल्या बाजूला टेकलेली आहे हे सॉफ्टवेअरला कसं कळणार?

भुस्सा_फार

जळण्याचं मी सांगतो. राउटर मिनिटाला किती फेऱ्यांवर आणि फीड (बिट पुढे सरकायचा वेग, मिनिटाला मिमी) किती?

पाटीवाला

राउटर फुल्ल, डबीवर २५००० लिहिलंय. फीड ३००, घाबरून हळू ठेवलाय. खोली एका वेळी ४ मिमी.

भुस्सा_फार

तिथेच गोची आहे. ३०० भागिले (२५००० गुणिले २ धारा) म्हणजे प्रत्येक धार ०.००६ मिमी कापतेय. एवढ्यात धार कापत नाही, घासते. घासली की तापते, तापली की लाकूड काळं आणि बिटही बोथट. हळू चालवलं की जपून होतं, हा हातकामाचा हिशेब. इथे उलटं.

राउटर १२००० वर आणा, फीड १२००. प्रत्येक धारेला ०.०५ मिमी. खोली मात्र ४ वरून दीड मिमी करा, तुमचे मोकळे १२ मिमीचे गज ४ चा भार घेत नाहीत. गजाचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: १२ चे १६ केलेत तर तीनपट ताठ. मोटरऐवजी तिथे खर्च करा. खाली पिठासारखी भुकटी पडतेय की ढलप्या, एवढं बघत जा. ढलप्या पडल्या की समजा जमलं. आणि भुकटी पडत असेल तर मास्क लावा हो, एमडीएफची तर फारच वाईट.

वेलांटी

शिरोरेषेच्या चिरांचं उत्तर यंत्रात नाही, फाइलमध्ये आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते, म्हणून पडद्यावर ती सलग दिसते. पण आउटलाइन केली की प्रत्येक अक्षर स्वतंत्र बंद आकृती. कॅम (आकृतीवरून बिटची वाट आखणारं सॉफ्टवेअर) बिचारं प्रत्येकाच्या कडेने बिट फिरवतं, आणि ती कड शिरोरेषेला उभी छेदून जाते.

इंकस्केपमध्ये (चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग सगळं निवडून युनियन. आउटलाइन मोडमध्ये बघा, शिरोरेषेत एकही उभी रेघ उरता कामा नये. काना-मात्रा-वेलांटीही तपासा, त्या अनेकदा वेगळ्या राहतात.

पाटीवाला

आज सगळं करून बघितलं, क्रमाने लिहितो.

कॉलर लावल्या आणि पहिल्यांदा यंत्र गुरगुरायला लागलं, मोटर अडखळू लागली. कॉलर जाड, ती बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला घासत होती, म्हणजे मी ब्रेकच लावला होता. मध्ये १ मिमीचं छोटं वॉशर घातलं, फक्त आतल्या कड्याला टेकणारं. गुरगुर बंद. पेनाने २० चं वर्तुळ: एक्स १९.९, वाय १९.९. तीनदा काढलं, विश्वास बसेना.

राउटर १२००० आणि फीड १२०० ला पहिल्यांदा जीव वर आला होता, बोट इमर्जन्सी बटणावर. पण आवाजच बदलला, किंचाळणं गेलं आणि कुरकुर आली. खाली ढलप्या. काळं पडणं नाही. दीड मिमीच्या पाच फेऱ्या लागल्या, लागू देत. लाकडात मोजलं तर एक्स अजून ०.२ ने कमी येतंय, ते गजाचं लवणं असणार. १६ चे गज बघून ठेवलेत.

युनियन केल्यावर शिरोरेषा एका दमात आली. ब्रशने ओढतो तशीच. ‘ळ’ च्या दोन्ही गाठी गोल. डावी किंचित मोठी वाटली, पण तो फॉन्टचाच दोष निघाला, माझा असता तर मी असा काढला नसता.

एक शंका: कॉलरचा ग्रब स्क्रू गोल दांड्यावर बसतो, तासाभराने पाव फेरा सैल झालेला सापडला.

खरादी

कानशीने तिथे दांड्यावर नखाएवढा सपाट भाग करा. आट्यांवर नको, कॉलर बसते तिथेच. ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (आटे सैल न होऊ देणारा डिंक) लावा, लाल नको, परत निघायचा नाही. आणि झेडचा (वर-खालीचा) स्क्रू बघितलात का? तो पण तुम्हीच बसवलाय ना?

पाटीवाला

आत्ता नख लावून आलो. टिक.