ऋषिकेशला भाड्याची स्कूटर – तातडीने मदत हवी आहे

निशिगंध_पुणे (रात्री 9:10)
नमस्कार मंडळी. ऋषिकेशला चार दिवस जातोय. तिथे दोन स्कूटर भाड्याने घ्यायच्या आहेत. आधीच बुक करून जावं की गेल्यावर मिळतात? दिवसाचं भाडं किती पडतं, अनामत किती ठेवून घेतात? डोंगरावरच्या नीळकंठ महादेवाच्या देवळापर्यंत स्कूटर चढते ना? उद्या सकाळी आठला रेल्वेचं आरक्षण उघडतंय, त्यामुळे सगळं आज रात्रीच ठरवायचं आहे. कृपया लवकर सांगा.

भटक्या_सातारा (9:22)
कधी जाताय? किती जण? लायसन्स कोणाकोणाकडे आहे? राहणार तपोवनला, स्वर्गाश्रमाकडे की गावात? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

रानवाटा (9:26)
भाड्याच्या गाडीच्या भानगडीत पडूच नका. आपली गाडी रेल्वेने पार्सल करा. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढायचं, आरसीची झेरॉक्स द्यायची, हँडल आणि टाकी गोणपाटात नीट बांधून घ्यायची. हरिद्वारला उतरवून घेतली की ऋषिकेश 25 किलोमीटर. आपल्या गाडीचा ब्रेक, क्लच आपल्या हाताला माहीत असतो, त्याला तोड नाही. मी दोनदा नेली आहे.

निशिगंध_पुणे (9:31)
रानवाटा, चार दिवसांसाठी गाडी पार्सल करणं आम्हाला झेपणार नाही हो. आम्ही तिघं आहोत. राहायचं अजून ठरलेलं नाही. भाडं किती ते कोणी सांगेल का?

चाकं_दोन (9:34)
ताई, स्कूटर कशाला? सायकल घ्या. हवा काय असते तिकडची! पहाटे बॅरेजच्या बाजूने निघालात तर गंगेच्या कडेने सपाट रस्ता आहे, मन भरून येतं.

भटक्या_सातारा (9:37)
नीळकंठला सायकलवर? ऋषिकेश साधारण 340 मीटरवर, देऊळ 1,300 मीटरच्या आसपास. त्यांनी विचारलंय काय आणि आपण सांगतोय काय! ताई, महिना कोणता ते सांगा आधी.

निशिगंध_पुणे (9:40)
श्रावणात. नीळकंठाला श्रावणी सोमवार गाठायचा आहे.

मीरा_ठाणे (9:43)
मग राफ्टिंग सोडू नका! शिवपुरीहून खाली येणारा 16 किलोमीटरचा टप्पा घ्या. आम्ही मार्चमध्ये केलं, अजून अंगावर काटा येतो. आणि संध्याकाळची आरती त्रिवेणी घाटावर बघा.

भटक्या_सातारा (9:45)
पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं. जुलै-ऑगस्टमध्ये गंगा फुगलेली असते. मीराताई, मार्चची गोष्ट वेगळी.

घाटमाथा (9:52)
भाड्याचं सांगतो, कारण तेच कोणी सांगत नाहीये. मागच्या वर्षी मला बिनगिअरच्या स्कूटरचे दिवसाला पाचशे पडले, अनामत दोन हजार. लांब सुट्टीला दर चढतात. तपोवनात आणि जानकी सेतूच्या आसपास दुकानं भरपूर आहेत, पावसाळ्यात आधी बुक करायची गरज पडत नाही.

पण नीळकंठला स्कूटर नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. आम्ही दोघं एकशे दहा सीसीच्या स्कूटरवर गेलो होतो. चढताना कशीबशी चढली. खरी परीक्षा उतरताना. बिनगिअरच्या गाडीला इंजिनाचा अटकाव जवळपास नसतो, सगळा भार ब्रेकवर. गिअरची गाडी असली तर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरता येतं. आम्ही अर्धा उतार दोन्ही ब्रेक दाबूनच उतरलो. मग मागच्या चाकातून करपल्यासारखा वास यायला लागला आणि डावा ब्रेक थेट हँडलपर्यंत दाबला जाऊ लागला. बाजूला घेऊन थांबलो. बाटलीतून हात धुताना चार थेंब ड्रमवर पडले, ते चर्र झाले. पाऊण तास बसून राहिलो, मग पायरीपायरीने उतरलो. त्या दिवशी रस्ता कोरडा होता. तुम्ही पावसात जाताय.

अनामतीचंही ऐका. परत करताना दुकानदाराने जुना ओरखडा आमच्या माथी मारला आणि आठशे कापले. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच दुकानदारासमोर चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, मीटरवरचं पेट्रोलही त्यात दिसू द्या. मूळ आधार कार्ड कुणाच्या हाती ठेवू नका.

पिंपरीचा_पक्या (9:58)
घाटमाथा, उगाच घाबरवू नका. मी आणि माझी बायको स्कूटरवरच गेलो होतो नीळकंठला, ऑक्टोबरात, काही झालं नाही. थांबत थांबत उतरायचं. ब्रेक सतत दाबून धरला तर कुठल्याही गाडीचा तापणारच.

घाटमाथा (10:01)
ऑक्टोबर आणि श्रावण एक आहे का? पावसात वरून ओढा थेट रस्त्यावर येतो, तिकडे त्याला गदेरा म्हणतात. सोबत माती आणि गोटे. वळण संपताच समोर चिखल असला तर दोन चाकांवर काय करणार?

पिंपरीचा_पक्या (10:03)
ते मान्य. पावसाचं मान्य.

दूनवासी_मराठी (10:15)
मी बरीच वर्षं देहरादूनला राहतोय. निशिगंधताई, गाडीचं राहू द्या बाजूला, तुमचा सोमवार नेमका कोणता ते सांगा. तिथला सावन आणि आपला श्रावण एकाच दिवशी सुरू होत नाहीत.

निशिगंध_पुणे (10:19)
नेटवर यादी होती, "सावनचा पहिला सोमवार", तोच धरलाय. त्याच्याच आदल्या शुक्रवारचं आरक्षण उद्या उघडतंय. दोन्हींत फरक असतो का?

दूनवासी_मराठी (10:34)
असतो, आणि तुमच्या बाबतीत तर फारच पडेल. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, म्हणजे आपल्या आषाढाच्या वद्य पक्षात. त्याच पंधरवड्यात कावड यात्रा असते. हरिद्वारहून गंगाजळ घेऊन लाखो लोक चालत निघतात आणि त्यातले कितीतरी नीळकंठाला येतात. रस्ते वळवतात, पुलांवर गाड्या अडवतात, हॉटेलला पोहोचायलाच अर्धा दिवस जातो. तुमचा पहिला सोमवार ऐन त्या गर्दीत येतोय.

यात्रा संपते सावन शिवरात्रीला. आपल्याकडे ती आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे दिव्याच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी. त्यानंतर आपला श्रावण लागतो आणि रक्षाबंधनापर्यंत त्यांचाही सावन चालूच असतो. या शुद्ध पक्षातला सोमवार धरा. तो दोन्हीकडे श्रावणी सोमवार असतो आणि कावडिये परतलेले असतात. देवळात गर्दी तेव्हाही असेल, पण माणसाने उभं राहण्यासारखी.

गाडीबद्दल थोडं. भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. हेल्मेट चालवणाऱ्यालाही आणि मागच्यालाही. लक्ष्मण झुला बंद आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. जानकी सेतू 2020 साली सुरू झाला, दुचाकी त्यावरून गंगेपलीकडे, स्वर्गाश्रमाच्या बाजूला जातात.

आणि रस्ता सुरू आहे की बंद हे बघताना एक लक्षात ठेवा. ऋषिकेश गाव देहरादून जिल्ह्यात, तपोवन टिहरी गढवालात आणि नीळकंठ पौडी गढवालात. त्यामुळे नीळकंठच्या रस्त्याची खबर पौडीच्या पोलिसांकडे आणि प्रशासनाकडे बघायची. पुष्कळ लोक देहरादूनची बातमी वाचून निघतात आणि वाटेत अडकतात.

भटक्या_सातारा (10:40)
धाग्याचं सोनं केलंत. आता लायसन्स! ताई, दुसऱ्यांदा विचारतोय.

निशिगंध_पुणे (10:46)
दूनवासीदादा, मनापासून आभार. हे कुणीच सांगितलं नव्हतं.
लायसन्स माझं बिनगिअरचं आहे. भावाचं गिअरचं आहे, पण नुकतीच मुदत संपली. महिनाभर सवलत असते ना? तोपर्यंत करून घेईल.

भटक्या_सातारा (10:49)
ती तीस दिवसांची सवलत 2019 च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपली त्या दिवसापासून लायसन्स चालत नाही. संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरण करता येतं, त्याचा अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर होतो. उद्याच टाकायला सांगा. तोवर भावाच्या हातात गाडी देऊ नका. दुकानदार देईलही, पण तुम्ही घेऊ नका.

घाटमाथा (10:52)
तिसरं माणूस कोण आहे?

निशिगंध_पुणे (10:54)
आई. वय 67. नवस तिचाच आहे.

घाटमाथा (10:55)
मग प्रश्नच मिटला. आईंना घेऊन पावसात डोंगरात स्कूटर नको. स्वर्गाश्रमाच्या बाजूने नीळकंठला शेअर जीप सुटतात, त्यात बसा.

मीरा_ठाणे (10:56)
हो, जीपच करा.

पिंपरीचा_पक्या (10:57)
जीपला माझंही मत.

निशिगंध_पुणे (11:02)
सगळे जीप जीप म्हणताय. आईला गाडी लागते. जीप, कार, बस, घाटात काहीही लागतं. वाईहून महाबळेश्वरला जाईपर्यंत तीन वेळा थांबावं लागतं. दुचाकीवर मात्र तिला काही होत नाही, तोंडावर वारा लागला की ती व्यवस्थित असते. म्हणूनच तर स्कूटर विचारली. नाहीतर मला काय हौस होती डोंगरात गाडी चालवायची? बाबांच्या आजारपणात तिने हा नवस बोललाय, बाबा आता ठणठणीत आहेत, आणि ती गेली दोन वर्षं म्हणतेय की माझ्याच्याने ते वळण होणार नाही, तुम्ही दोघं जाऊन या. मला तिलाच न्यायचं आहे.

घाटमाथा (11:08)
ताई, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतंत. माझा सूर कडक झाला असेल तर क्षमा करा.

दूनवासी_मराठी (11:17)
माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. शेअर जीपच्या मागच्या आडव्या बाकावर बसवलंत तर धडधाकट माणसालाही मळमळतं. छोटी गाडी पूर्ण ठरवा. आईंना पुढच्या सीटवर बसवा, काच खाली, नजर समोर रस्त्यावर. फोन बघायचा नाही, मागे वळून बोलायचं नाही. ड्रायव्हरला निघतानाच सांगा की घाई नाही, सांगू तिथे थांबायचं. फूलचट्टीपाशी एकदा उतरून पाय मोकळे करा, पुढे अजून एकदोनदा. सकाळी सहाच्या आत निघालात तर रस्ता मोकळा असतो, ड्रायव्हर सारखा ब्रेक मारत नाही. अर्धं लागणं त्या ब्रेकनेच असतं. परत अंधाराच्या आत, राजाजी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, हत्ती येतात.

स्कूटर घ्याच, पण गावातल्या गावात. घाटावर, आरतीला आईंना मागे बसवून न्या. तुमचं बिनगिअरचं लायसन्स त्याला पुरेसं आहे. एकच स्कूटर घ्या, भाऊ विक्रमने येईल. तिकडे मोठ्या शेअर रिक्षेला विक्रम म्हणतात.

आणि त्या दिवशी पावसाने रस्ता बंदच असला, तर गावातच वीरभद्र महादेव आहे, सपाटीवर. सोमवार चुकणार नाही.

चाकं_दोन (11:20)
वीरभद्रला सायकलनेही जाता येतं.

सुगरण_नाशिक (11:24)
उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी घाट नको हं. आईंना राजगिऱ्याचा लाडू अर्धा खाऊ घाला, वर पाणी घोटभरच. आलेपाक सोबत ठेवा, चघळायला द्या. आणि लागण्याची गोळी निघायच्या आधी अर्धा तास द्यायची असते. बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

निशिगंध_पुणे (11:38)
आईला आत्ताच उठवून वाचून दाखवलं. पुढची सीट आणि काच खाली म्हटल्यावर तयार झाली. म्हणाली, वाटेत थांबणार असाल तर येते.

दिव्याच्या अमावास्येनंतरचा दुसरा सोमवार धरलाय. साठ दिवसांच्या हिशोबाने त्या तारखांचं आरक्षण अजून तीन आठवड्यांनी उघडेल, म्हणजे उद्या आठची धावपळ गेली. भाऊ सारथीवर अर्ज भरतोय, फोटोचा आकार बसत नाहीये म्हणून चिडलाय.

दूनवासीदादा, गाडी स्वर्गाश्रमाच्या बाजूने ठरवायची तर राहणंही त्याच बाजूला घ्यावं ना? आईला फार पायऱ्या नसलेली एखादी जागा माहीत असेल तर सांगा.